नाळ कापणारे हात

तुर्भे, दिघ्याच्या वस्त्यांतली बारावी झालेली मुलगी आज नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका व्हावे म्हणते. घरचे, शेजारचे तिला नव्या वाटेने निघाली म्हणून वाखाणतात. वाट नवी नाही. गावगाड्यात सुईणपण बहुधा मांगिणीच्या माथी असे. पाटलाचे मूल पहिल्यांदा तिच्या हातात पडे. नाळ ती कापी, वार ती पुरी. मोबदला काय, तर पसाभर धान्य आणि जुने लुगडे. सोयर फिटली की त्याच हातांचा विटाळ! ते मूल मोठे होऊन तिलाच वेशीबाहेर उभे करी.

1855 साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या बायांच्या बाळंतपणाचे हाल मांडले: वर छप्पर नाही, आणि पाऊस, थंडी अंगावर. ज्या जातीच्या बायांनी गावाची बाळंतपणे निस्तरली, त्यांच्याच बाळाला आडोसा नव्हता. पुढे 1863 मध्ये फुले पतिपत्नींनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे ब्राह्मण विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली.

आता सुईणीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली जाई, धनुर्वाताने बाळे दगावत. पण जंतूंचे शास्त्र तिला सांगितले कुणी? शाळेचे दारच बंद होते! 1990 नंतरच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पाचवी-दहावी शिकलेल्या खेड्यातल्या बायांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास चालू करणे, इंजेक्शन देणे शिकवले. नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली 'लॅन्सेट'ने ते छापले. उणे हातात नव्हते, हे आणखी कसे सिद्ध करायचे?

त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरोघरी बाळे तपासतात. त्यांना मात्र वेतनश्रेणी नाही, कामागणिक मोबदला! पसाभर धान्याचेच हे सरकारी रूप. वर 'सेवा' म्हणून कौतुक आहेच.

म्हणून आपल्या मुलींनी चौकशी करावी ती पदवीची आणि पगाराची. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. ते अकरावीतच ठरते, आणि तिथेच वस्तीतल्या मुलीला कुणी सांगत नाही. जीएनएम तीन वर्षांचा. नोंदणी झाल्यावर नवजात परिचर्येची एक वर्षाची वेगळी पदविका आहे. दीड किलोहून कमी वजनाचे बाळ काचपेटीत सांभाळणे, त्याच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालणे, ही विद्या तिथे मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरावा. आणि खासगी रुग्णालय मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ म्हणाले, तर देऊ नयेत.