उजनी मायनसमध्ये, आणि आपण?

उन्हाळा आला की आमच्या उजनीकाठी एकच चौकशी, 'धरण मायनसमध्ये गेलं का?' म्हणजे उपयुक्त साठा संपून खालच्या सुमारे 63 टीएमसी मृत साठ्याला हात लागला का. गावाकडून लॅपटॉपवर काम करताना मागच्या वर्षी मीही असाच मायनसमध्ये गेलो होतो. रविवारीसुद्धा कॉल! तेव्हा प्रश्न पडला, हा रविवार आपल्याला मिळवून दिला कुणी?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्तापर्यंत काम, ही 'मागणी' होती बरं का! निवेदनावर 5,500 सह्या. मालक ढिम्म. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे 10,000 कामगार आले, दोन कामगार बायकाही बोलल्या. शेवटी 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मान्य झाली. गिरण्या काही त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावरही जू ठेवत नाहीत. मी आता रविवारी लॅपटॉप उघडत नाही. सोमवारी कोडमध्ये चुका कमी निघतात. मॅनेजरला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.