अर्धलीची शेळी

शेळीला गरिबाची गाय म्हणतात; परंतु ज्याच्या दाराशीं ती बांधलेली असते, तोच तिचा मालक असतो असें नाहीं. भांडवल एकाचें आणि कष्ट दुसऱ्याचे, ही रीत फार जुनी आहे. महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत तिला ‘अर्धली’ म्हणतात. शेळी धन्याची, राखण व चारापाणी सांभाळणाऱ्याचें, आणि होणारीं करडें निम्मीं निम्मीं. या व्यवहारास बहुधा कागद लागत नाहीं. हिशेब अडतो तो शेळी मेली म्हणजे. तोटा कोणाचा, हा प्रश्न तेव्हां उभा राहतो.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. इ. स. २२२ ते २३५ या काळांत राज्य करणारा रोमन बादशहा अलेक्झांडर सेव्हेरस याच्या एका निर्णयांत, धनी आणि गुराखी यांनीं जनावरांची वीण ठरल्या वांट्यानें वांटून घेण्याच्या कराराचा उल्लेख आहे. पुढें मध्ययुगीन इटलींत शहरांतील धनिक आपलीं जनावरें याच रीतीनें खेड्यांत ठेवूं लागले. व्याज धर्मानें निषिद्ध होतें. वांटा निषिद्ध नव्हता. मात्र कित्येक जण नफ्याचा वांटा घेऊन शिवाय मेलेल्या जनावराची भरपाईही मागत. धोका दुसऱ्याच्या माथीं मारल्यावर वांटा कसला? तें व्याजच. पोप पांचवा सिक्स्टस यानें १५८६ सालीं भांडवल सुरक्षित ठेवणाऱ्या अशा भागीदाऱ्या निषिद्ध ठरविल्या.

धर्माज्ञेनंतर कायदा आला. फ्रान्सच्या १८०४ सालच्या दिवाणी संहितेनें दूध आणि खत सर्वस्वीं सांभाळणाऱ्यास दिलें, आणि वीण व लोकर यांची वांटणी ठरविली. त्याचा दोष नसतां सर्व जनावरें मेलीं, तर नुकसान धन्याचें; कांहीं मेलीं, तर दोघांचें. नफ्याहून तोट्याचा वांटा त्याच्यावर अधिक लादणारी अट रद्द समजावी, असेंही तींत लिहिलें. इटलीच्या १९४२ सालच्या संहितेंतही हें तत्त्व आहे. तेथें पुढें पशुखाद्याच्या कंपन्यांनीं याच कराराच्या आधारें कोंबड्या व डुकरें शेतकऱ्यांकडे वाढविण्यास दिलीं.

कोंबडीच्या बाबतींत कंपनीचें गणित सोपें असतें. पिलूं तिचें, खाद्यही तिनें तोलून दिलेलें, आणि सुमारें सहा आठवड्यांत माल तयार. शेळी मात्र बांधावर, माळावर चरते. ती पांच महिने गाभण राहते. उस्मानाबादी शेळी पुष्कळदां जुळीं देते. परंतु पीपीआरची एक सांथ आली, तर कळपच आडवा होतो. कंपनीजवळ जातिवंत बोकड, लस आणि बाजार असतो. अल्पभूधारकाजवळ मनुष्यबळ, झाडपाला व लक्ष. दोघांस एकमेकांची गरज आहे, पण शेळी आजारानें मेली कीं दुर्लक्षानें, हें दूर बसलेल्या कंपनीस ठरवितां येत नाहीं. म्हणून ती धोका शेतकऱ्यावर ढकलूं पाहते.

भारतांत २०१९ च्या पशुगणनेनुसार शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाख होती. २०२० च्या केंद्रीय करारशेती कायद्यानें शेळीपालनाचें उत्पादनही आपल्या कक्षेंत घेतलें. तो कायदा २०२१ सालीं रद्द झाला. कायदा गेला, तरी जुना प्रश्न राहिलाच. करारांत बोकड कोणत्या जातीचा, भाव काय आणि खरेदी केव्हां, हें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. सुज्ञानें आधीं एकच कलम शोधावें: शेळी मेली, तर काय? तेथें दोन्ही नांवें असतील, तरच ती भागीदारी.