गॉर्डन हॉल कोणाचा हस्तक होता?

परदेशातून आलेला तरुण मिशनरी म्हणजे साम्राज्याने पुढे धाडलेला हस्तक, हे विधान आपल्याकडे आता पुरावा न मागता स्वीकारले जाते. व्याख्यानात ते टाळ्या घेते, प्रबंधात ते गृहीतक म्हणून बसते. महाराष्ट्रातल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपुरते तरी ते खोटे आहे, आणि तेवढेच मला इथे सिद्ध करायचे आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. तो असा : पाद्री आला तो सत्तेच्या छत्राखाली. राहिला बंगल्यात, नोकरचाकरांच्या गराड्यात. मराठी शिकला ती बाटवण्यापुरती. शाळा हे आमिष, छापखाना हे हत्यार, आणि पाठीशी सरकारची बंदूक. हे मत निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर मिशनच्या शाळांनाही सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. मिशनरी मंडळी उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात, गोऱ्या अधिकाऱ्यांशी त्यांची ऊठबस असे. ते चित्र त्या काळापुरते खरे आहे. पण तेच उचलून हे पहिले मिशनरी मुंबईत आले त्या १८१३ सालावर डकवले जाते, आणि गफलत होते ती तिथे.

गॉर्डन हॉल या अमेरिकन तरुणाचे उदाहरण घ्या. १८१२च्या फेब्रुवारीत तो फिलाडेल्फियाहून निघाला, ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोचला. दरम्यान जूनमध्ये अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारले होते. म्हणजे बोटीवरून उतरला तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. १८१३च्या फेब्रुवारीत हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला आले, तर इथेही इंग्लंडला रवानगीचा हुकूम. नोव्हेंबरात दोघे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजातून कोचीनला निसटले. तिथे पकडले गेले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. हॉल तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. आपल्याच हस्तकाची अशी धरपकड कोणते सरकार करते?

यावर प्रतिपक्ष म्हणेल : कंपनीच्या १८१३च्या सनदेनेच तर मिशनऱ्यांना दार उघडले! सनद पार्लमेंटात मंजूर झाली जुलैत, लागू झाली पुढच्या एप्रिलात. हॉल मुंबईत उतरला होता फेब्रुवारीत, आणि कोचीनचे पलायन घडले ते सनद मंजूर झाल्यानंतर. मग कोणी म्हणेल, गव्हर्नर सर इव्हान नेपियन सहानुभूतीने वागला, ते छत्र नव्हे काय? नेपियन धार्मिक वृत्तीचा होता, त्याने रवानगी लांबवली आणि लंडनच्या निर्णयाची वाट पाहिली, हे खरे. पण एका अधिकाऱ्याची दया आणि राज्याचे धोरण यांत अंतर आहे. १८०६च्या वेल्लोरच्या बंडानंतर धर्मप्रसाराने लोक बिथरतील अशी कंपनीला धास्ती होती. कंपनीची नाराजी त्याआधीचीही होती : इंग्रज मिशनरी केरीने १८०० साली श्रीरामपुरात बस्तान बसवले, कारण ती डेन्मार्कची वसाहत होती. आणि हॉल मुंबईत आला तेव्हा पुण्यात पेशवा गादीवर होता. मुंबईपलीकडच्या बहुतेक मराठी मुलखावर साम्राज्यच नव्हते, मग तिथे त्याचा अग्रदूत होण्याचा प्रश्न कुठून येतो?

आता त्याची दिनचर्या पाहू. या वादाचा खरा निकाल तिथेच लागतो. दिवसाचा मोठा भाग मराठीच्या अभ्यासात आणि शुभवर्तमानाच्या भाषांतरात जाई. मोल्सवर्थचा कोश निघायचा होता १८३१ साली. छापील असा होता तो केरीचा १८१०चा. त्यामुळे शब्द शुद्ध की अशुद्ध, हे ठरवणार पंडित. मग रस्त्यावर, बाजारात, देवळापाशी, तळ्याकाठी उभे राहून बोलायचे. ऐकणारे वाद घालत, हसत, अर्ध्यावर उठून जात. त्यांना थांबवायला शिपाई नव्हता. शाळा काढल्या, त्यांत शिकवायला ख्रिस्ती माणूस मिळेना. शिक्षक नेमले ते हिंदू, आणि बेने इस्रायल मुलांसाठी त्यांच्यातलेच. पगार मिशनचा, पण वर्ग पंतोजींच्या हाती. मुलांना काय उमगेल, पालक मुले पाठवतील की काढून घेतील, यातले काहीच त्याच्या स्वाधीन नव्हते. हा हुकूम सोडणाऱ्याचा दिवस आहे काय? पावलोपावली दुसऱ्यावर विसंबलेल्या माणसाचा हा दिवस आहे.

बंगल्यातल्या सुखाचे म्हणाल तर मृत्यूची नोंद वाचावी. हॉलचा सहकारी सॅम्युएल न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. त्याची पत्नी हॅरिएट भारतात राहू न दिल्याने मॉरिशसला गेली आणि १८१२ सालीच तिथे वारली होती, एकोणिसाव्या वर्षी. दुसऱ्या सहकाऱ्यांपैकी ठाण्याचा निकोल्स १८२४ साली गेला, फ्रॉस्ट १८२५ साली. हॉलने १८२५ साली बायकामुलांना अमेरिकेला धाडले आणि स्वतः मागे राहिला. १८२६च्या मार्चमध्ये तो नाशिकला गेला, तर तिथे पटकीचा कहर. जवळची बहुतेक औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली. परतताना एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर रात्री चटई टाकली, तर शेजारी दोन आजारी माणसे, त्यांतले एक मरून पडलेले. पहाटे निघायची तयारी करतानाच पटकीने त्याला गाठले आणि दुपारपर्यंत सारे आटोपले. सोबतच्या दोन पोरांनी खड्डा खणून, पेटीशिवायच त्याला पुरले. वय एक्केचाळीस.

आणि बाटवणे? तेरा वर्षांच्या खटपटीनंतर बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. आमिष असते तर इतके दुबळे कसे ठरले? छापखान्याचेही तेच. त्यात मराठी मजकूर छापला जाऊ लागला १८१७पासून, हेतू शुभवर्तमानाचा प्रसार. पण अमेरिकन मिशनचा तोच छापखाना पाहून गणपत कृष्णाजींना छपाईची ओढ लागली आणि १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. पुढे याच छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’ उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईत नाव मिळवले. १८३१ सालीच मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांचे खंडन करणारे पुस्तक छापून हाती दिले. हे हत्यार कोणाच्या मुठीत राहिले?

हॉलचे दोष मी झाकत नाही. आपल्याकडच्या लोकांची उपासना त्याला निव्वळ अज्ञान वाटे. तिच्यातले काव्य त्याला दिसले नाही, आणि शाळेत शुभवर्तमान वाचवून घेण्याचा त्याचा हेतू उघड होता. त्याला साधुपुरुष ठरवणारी भाबडी चरित्रेही मला पटत नाहीत. त्याच्या धर्ममताशी भांडायचे तर जरूर भांडावे. मोरभट भांडले, विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भांडले, आणि त्यांनी प्रतिपक्षाला प्रतिपक्ष मानूनच युक्तिवाद केला. आपण मात्र ‘हस्तक’ हा शिक्का मारून युक्तिवादाची मेहनत वाचवतो.

साक्ष वाचकांपुढे आहे. धर्मप्रसारक म्हणून हॉलला हवे तितके दोषी ठरवा, त्याला माझी हरकत नाही. कंपनीचा हस्तक म्हणून ठरवायचे असेल, तर आधी कंपनीने काढलेला त्याच्या हद्दपारीचा हुकूम वाचा.