कोल्हापूरची पत्रे आणि हुडकेश्वरचा फोटो

आमच्या हुडकेश्वरच्या लेआऊटमध्ये गेल्या पावसाळ्यात लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एका पोराचा फोटो आला. खाली एवढेच, ‘हा फिरताना दिसला, सावध राहा.’ मी तो लगेच भावाच्या लेआऊटमधल्या ग्रुपवर धाडला. दोन दिवसांनी कळले, तो घरोघरी पाण्याचे कॅन पोचवणारा पोरगा होता. तोवर त्याचे काम सुटले होते. कागद पारखल्याशिवाय बोलू नका, हे मी इतिहासाच्या तासाला तीस वर्षे सांगितले. त्या रात्री झोप आली नाही. १८८२ चे कोल्हापूर आठवत राहिले.

‘केसरी’ तेव्हा जेमतेम वर्षाचा. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी कुणकुण पुण्यात होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे हाती आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ दिवाणांवर तुटून पडले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली! आगरकर आणि टिळकांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. (त्याआधी जामिनाचे दहा हजार रुपये जोतीराव फुल्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी भरले होते, हेही सांगायला हवे.)

पत्रे खोटी होती, पण काळजी पोकळ नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा अंत झाला. संपादक चुकले, पण सत्तेवरच्या माणसाबद्दल बोलताना चुकले, स्वतःच्या नावानिशी चुकले आणि त्याची किंमत मोजली. माझ्या फोटोखाली कोणाचे नाव होते?

बोलण्याला मोकळीक किती, याचे एक माप आमच्या नागपूरनेच दिले. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सांगितले, की शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर माणसाच्या नजरेने जोखावा, प्रत्येक टीकेत धोका हुंगणाऱ्याच्या नव्हे. १९४७ च्या निकालसंग्रहात छापलेली ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पुन्हा हाताशी घेतली.

पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये ती कोणाला आठवली नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर प्रश्न केला, मैत्रिणीने तो पसंत केला. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ होते. त्रासदायक मजकुरापासून लोकांना वाचवायचे म्हणून आणलेले हे कलम, आणि सापडल्या दोन पोरी! २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. मला आनंद झाला. पण २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या ज्या कलमात वैयक्तिक माहिती येते, त्यातून सार्वजनिक हिताचा अपवाद काढला. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. सार्वजनिक हिताची दुसरी वाट कायद्यात आहे, पण ती मागणाऱ्यालाच धुंडाळावी लागणार. म्हणजे दिवाणांच्या दप्तरावरचा पडदा जाड होतो आणि कॅनवाल्या पोराचा चेहरा गल्लोगल्ली फिरतो. माझ्या मते हे उलटे झाले.

मी पाण्याच्या कारखान्यात जाऊन मालकाला भेटलो. पोरगा गावी गेला होता, नंबर बंद. ग्रुपवर स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. चौघांनी अंगठा दाखवला, पाचव्याने विचारले, ‘कोणता फोटो, सर?’ भावाच्या ग्रुपवर तो अजून आहे. तिथून पुढे किती ठिकाणी गेला, भावालाही सांगता आले नाही.