धरलेला मासा, सोडलेला मासा आणि मधला फोटो

मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा छंद आपल्या घरी कुणाला समजावून सांगून बघा. पहिला प्रश्न ठरलेला, "मग धरायचा कशाला?" आमच्या कोकणातल्या मंडळींना तर हे सरळ वेड वाटतं. गरवायला गेलेल्या माणसाने संध्याकाळी मासळी आणावी. फोटो काय कालवणात घालायचाय?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण या वेडामागे एक इतिहास आहे आणि त्यात कॅमेऱ्याची भूमिका मोठी मजेशीर आहे. आधी तो वाचवणारा झाला, मग मारणारा. ब्रिटनमधल्या सी-ट्राउट नावाच्या माशाच्या निमित्ताने तो सांगतो.

सी-ट्राउट म्हणजे तिथल्या नद्यांतला साधा तपकिरी ट्राउटच. जात एकच. त्याच अंड्यांतून निघालेली काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, काही समुद्रात जातात, तिथे खाऊनपिऊन चांदीसारखी लखलखीत होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतात. आपल्या हिलशासारखंच, उलट प्रवाहात. वेल्समध्ये याला स्यूइन म्हणतात. मासा कमालीचा बुजरा. नदीचं पाणी निवळ असेल तर दिवसा दाद देत नाही, म्हणून याला रात्री गरवायचं. गरीला पिसं-दोरे बांधून केलेली खोटी माशी लावतात, म्हणजे माशी दाखवून मासा! ह्यू फॉकस या गृहस्थाने १९६२ साली या रात्रीच्या खेळावर पुस्तक लिहिलं, ते जाणकार अजून प्रमाण मानतात. त्या काळी धरलेला मासा घरी नेऊन खाणं हीच रीत होती.

आता खरी अडचण. मासे धरणाऱ्यांच्या गोष्टींवर जगात कुठेच कुणी विश्वास ठेवत नाही. दोन हातांमधलं अंतर दरवेळी वाढत जातं! म्हणून पुरावा हवा. व्हिक्टोरियन काळात श्रीमंतांकडे पेंढा भरलेले मासे काचेच्या पेटीत असत. लंडनच्या कूपर कंपनीच्या पेट्या प्रसिद्ध होत्या, पुढून फुगीर काच आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत वजन, तारीख, नदी. काही जण लाकडात मासा कोरून घेत, काही प्लास्टरचा साचा काढत. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडच्या टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा सामन (सी-ट्राउटचा मोठा चुलतभाऊ म्हणा) धरला. ब्रिटनमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या माशाचा साचा काढला गेला आणि मासा पर्थच्या इस्पितळात रुग्णांच्या पोटात गेला. म्हणजे पुरावाही राहिला आणि अन्नही वाया गेलं नाही. पण कोणताही पुरावा ठेवायचा तर मासा मरणं भाग होतं.

इथे कॅमेरा आला. १९०० साली कोडॅकने एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि फोटो स्टुडिओतून नदीकाठी पोचला. सुरुवातीच्या फोटोंतले मासे मेलेलेच, दोरीला टांगलेले किंवा गवतावर ओळीने मांडलेले. पण पुरावा कागदावर राहतो म्हटल्यावर मासा जिवंत सोडण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकेत ली वुल्फने १९३९ सालीच मांडलं होतं की चांगला मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नसतो. ब्रिटनमध्ये हे पटायला नद्या रिकाम्या व्हाव्या लागल्या. स्कॉटलंडमधलं लॉख मरी हे सरोवर सी-ट्राउटसाठी इतकं नावाजलेलं की लांबलांबून लोक येत. १९८७ साली जवळच्या लॉख यू या खाडीत सामनपालन सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत सरोवरातला सी-ट्राउट कोसळला. पिंजऱ्यांतल्या माशांवरच्या समुद्री उवा रानटी माशांना लागतात, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. आज ब्रिटनमध्ये गरीला लागलेले बहुतेक सी-ट्राउट परत सोडले जातात. त्यात शहाणपण आहे, कारण हा मासा एकदाच अंडी घालून मरत नाही, वर्षानुवर्षं परत येतो आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. म्हणजे फोटो काढावासा वाटतो तोच मासा नदीला सगळ्यात जास्त हवा असतो!

आणि इथेच गोष्ट फिरते. मासा सुटला खरा, पण मधे फोटोची वेळ आली. १९९२ साली कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी इंद्रधनुषी ट्राउटवर प्रयोग केला. मासे दमेपर्यंत पळवले. नुसते दमवलेल्यांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२ टक्के! तो टाक्यांमधला कठोर प्रयोग होता. थंड पाण्यातल्या रानटी सामनवरच्या अभ्यासांत आकडे बरेच कमी दिसतात. पण कारण सगळीकडे तेच. कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे पाण्यातच पसरलेले राहतात, हवेत ते एकमेकांना चिकटतात. मैलभर धावून आलेल्या माणसाचं तोंड-नाक दाबून त्याला म्हणायचं, जरा हसा बघू... तसंच हे.

रोल छत्तीस फोटोंचा होता तेव्हा माणूस एकदाच खटका दाबायचा. डिजिटल आल्यावर "अजून एक" सुरू झालं. त्यातून नवा शिष्टाचार आला. हात आधी ओले करा, कारण समुद्रातून नुकत्याच आलेल्या सी-ट्राउटचे खवले इतके सैल असतात की कोरड्या हाताला चिकटून येतात. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवा. कॅमेरा आधी तयार करा, मगच क्षणभर उचला. कल्ल्यांत बोटं घालू नका, काठावर लोळवू नका. अंधार असेल तर फ्लॅशचा लखलखाट बाकीच्या माशांना आणि पलीकडच्या गरवणाऱ्याला नको असतो, तेव्हा फोटो नसला तरी चालेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तर जो सामन सोडणं सक्तीचं आहे तो पूर्ण पाण्याबाहेर काढणंच बेकायदा आहे.

जर्मनी आणि स्वित्झर्लंड मात्र थेट आमच्या कोकणातल्या मंडळींच्या बाजूचे निघाले. जर्मन कायद्यात सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं गुन्हा आहे; खाणं हे कारण, फोटो नव्हे. केवळ फोटोसाठी मासा धरून सोडणाऱ्यांना तिथे दंड झाले आहेत. सोडण्याच्याच हेतूने गरवायला स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून बंदी आहे.

मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत. खायला धरणाऱ्याचा व्यवहार स्वच्छ आहे. पण ज्या नदीत मासेच थोडे उरलेत तिथे तिची राखण बऱ्याचदा हे "वेडे"च करतात. प्रदूषणाविरुद्ध भांडायला तेच पुढे असतात. त्यांना नदीकाठावरून उठवलं तर नदीकडे बघणार कोण?

इतकं मात्र नक्की, की फोटो कुणासाठी काढतोय ते काढणाऱ्याने स्वतःला विचारावं. हल्ली काही जण माशाला उचलतच नाहीत. अर्धा मासा पाण्यात, ओला हात, शेपटीची पुसट रेघ, एवढंच टिपतात. अशा फोटोत वजन कळत नाही, लांबी कळत नाही, चारचौघांत बढाई मारायला त्याचा उपयोग शून्य. पण मासा परत गेला, याचा तेवढाच एक खरा पुरावा.

तुम्हाला काय वाटतं?