अस्सल कागद, बखर आणि मोटारीची ठिणगी

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मोटारीच्या इंजिनाशी माझा संबंध एस.टी.त पुढच्या बाकावर बसून बॉनेटची ऊब घेण्यापुरताच. तरी आजचा लेख इंजिनावरच आहे, त्याला इलाज नाही. कारण इंग्लंडातल्या भाच्याने प्रश्न विचारला तो इंजिनाचा असला तरी आतून इतिहासाचा निघाला.

या भाच्याकडे एक एमजीए आहे. एमजीए म्हणजे १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला तयार झालेली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. एकूण एक लाखाहून थोड्या जास्त निघाल्या, त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. गाडी देखणी, पण पावसात बंद पडते, चढावर 'मिसिंग' करते. दोष डिस्ट्रिब्युटरचा. त्याच्या आतला दांडा झिजलाय आणि बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर दोन-दोन महिन्यांत जातात. भाचा म्हणाला, "मामा, हा डिस्ट्रिब्युटर काढून टाकतो आणि क्रँकवरून चालणारं इग्निशन बसवतो. पण इथले जुने गाडीवाले म्हणतात, तू इतिहासाची तोडफोड करतोयस. तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हीच सांगा."

आता सांगायचं तर आधी समजून घ्यायला हवं. चार-सहा आठवडे मी तेच केलं.

पहिली गंमत अशी की हे इंजिन परभणीला अजिबात परकं नाही. एमजीएच्या पहिल्या मॉडेलचं १४८९ सीसीचं 'बी सिरीज' इंजिन आणि आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरचं पेट्रोल इंजिन हे सख्खे भाऊ. ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचा भारतीय अवतार, बंगालात उत्तरपाड्याला १९५७ पासून बनणारा. बी सिरीज इंजिन तिला थोड्याच काळात मिळालं. म्हणजे जिंतूर रोडवरून लाल दिवा लावून जाणाऱ्या साहेबांच्या गाडीत आणि इंग्रज तरुणांच्या शर्यतीच्या गाडीत धडधडणारं काळीज एकाच जातकुळीचं. एकाने पडदे लावून फायली वाहिल्या, दुसऱ्याने टप उघडून वारा खाल्ला, एवढाच फरक!

आता डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. बॅटरी बारा व्होल्टची, ठिणगीला लागतात हजारो व्होल्ट. बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहत असताना तो एकदम तोडला की कॉइलमध्ये तेवढा दाब तयार होतो. तोडण्याचं काम करतात दोन छोटे पॉइंट. आणि तयार झालेला करंट एक-तीन-चार-दोन या क्रमाने चार प्लगांना वाटण्याचं काम करतो फिरता रोटर. पॉइंट आणि रोटर दोन्ही ज्या काळ्या टोपीच्या डब्यात असतात तो डिस्ट्रिब्युटर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या. दोन पॉइंटांमधली फट सुमारे पंधरा हजारांश इंच. एवढ्याशा फटीवर साहेबांचा दौरा अवलंबून!

ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांसाठी त्याने बॅटरी इग्निशन तयार केलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टरही दिला. त्याच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं घेऊन 'डेल्को'. स्पॅनिश भाषेत डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात. आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचो, तसंच.

पण केटरिंगच्या आधीही मोटारी धावतच होत्या. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला होता, त्याला बॅटरीची गरजच नव्हती. म्हणजे डिस्ट्रिब्युटर हा काही सनातन नव्हे. तोही कुणाला तरी बाजूला सारूनच आला. तेव्हाही कुणीतरी हळहळलं असेलच.

मला या इतिहासात खरी रुची वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ठिणगी कधी पडावी हे कोण ठरवतं? वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला वेळ लागतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) स्टिअरिंगजवळ त्यासाठी एक दांडीच होती. चालवणारा कानाने अंदाज घेऊन ती मागेपुढे करायचा. हँडल मारताना दांडी चुकीच्या जागी राहिली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंगा लावलेली छोटी वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. ड्रायव्हरच्या हातातला निर्णय असा डब्यात गेला. पण डबा नीट बसवणं, फट जुळवणं, टायमिंग लावणं हे कुणाकडे गेलं? मिस्त्रीकडे.

आणि इथे आपला जिल्हा येतो. हा निजामाचा मुलूख. हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. पुढे मुंबईत महिंद्रांची विलीज जीप जुळू लागली, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागल्या. आधी 'डुक्कर फियाट', नंतर ११०० आणि सत्तरीत पद्मिनी. जायकवाडीचे कालवे आले, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं, तशा खात्यांच्या पेट्रोल जीपगाड्या आमच्या रस्त्यांवर धूळ उडवू लागल्या. एवढ्या गाड्या दुरुस्त कोण करणार? आमच्या शाळेच्या वाटेवर एक गॅरेज होतं, कडुलिंबाखाली. तिथले मिस्त्री चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. बोलत दखनीत. इंजिनाचं हँडल हळूहळू फिरवायचे, पुलीवरची खूण खुणेला आली की थांबायचे, पॉइंटाच्या तारेला एक छोटा बल्ब जोडायचे आणि डिस्ट्रिब्युटरचा डबा केसाएवढा फिरवायचे. बल्ब लागला, की टायमिंग जमलं. मग गाडी चालू करून कान लावायचे आणि पुन्हा अगदी किंचित फिरवायचे. मी एकदा विचारलं, खूण जुळली होती ना, मग पुन्हा का? ते म्हणाले, "गुर्जी, निशाना तो कंपनीका है, गाडी बुढ्ढी हो गई."

हे वाक्य मी पुढे वर्गातही बरेचदा वापरलं.

आता भाच्याला जे बसवायचं आहे ते असं. क्रँकच्या पुलीवर एक दातेरी चक्र लावायचं. छत्तीस दात्यांची जागा, पण एक दाता मुद्दाम गाळलेला. दर दाता म्हणजे दहा अंश. शेजारी चुंबकाचा एक सेन्सर दाते मोजतो, गाळलेली जागा आली की त्याला कळतं पिस्टन नेमका कुठे आहे. फोर्ड कंपनीच्या गाड्यांत हे छत्तीस-उणे-एकचं चक्र वापरलं गेलं आणि हौशी लोक आता तेच जुन्या गाड्यांना लावतात. रोटर नाही, टोपी नाही, पॉइंट नाहीत. दोन कॉइल, एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. जोडीतल्या दोघांनाही एकदम ठिणगी मिळते, एकाची कामी येते, दुसऱ्याची वाया जाते. हीदेखील नवी युक्ती नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन टू-सीव्ही या शेतकऱ्याच्या गाडीत १९४८ पासून अशीच वाया जाणारी ठिणगी होती आणि डिस्ट्रिब्युटर नव्हताच.

याने फायदा काय? इथे मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, ती याच आग्रहाने की बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ. बखर लिहिली जाते घटनेनंतर, ऐकीव माहितीवर. डिस्ट्रिब्युटर म्हणजे बखर! पिस्टन बांधलेला असतो क्रँकला. क्रँकची बातमी साखळीने कॅमशाफ्टला जाते, तिथून तिरक्या दात्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला, दांड्यावरून पॉइंटांना. प्रत्येक सांध्यावर थोडी ढिलाई. साठ वर्षांनी झिजलेली बातमी दर फेऱ्याला थोडी वेगळी पोचते. क्रँकवरचा सेन्सर मात्र समकालीन पत्रच वाचतो. मधला निरोप्या नाहीच.

एवढ्यावर मी भाच्याला "बसव" म्हणून मोकळा झालो असतो. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पॉइंट बिघडले तर मिस्त्री रस्त्यावर, पॉलिश पेपरचा तुकडा घासून गाडी गावापर्यंत आणायचे. सेन्सर गेला तर गाडी जागच्या जागी मरते, तिथे पॉलिश पेपर काय करणार? दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. मला वाटत होतं, निर्णय आता माणसाच्या हातून कायमचा गेला. शोरूममधल्या नव्या गाडीचं तसंच आहे, आतलं काही कुणाला दिसत नाही. पण भाच्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला. आडवा इंजिनाचा वेग, उभा भार, प्रत्येक चौकटीत एक आकडा : ठिणगी किती अंश आधी. हे आकडे तो स्वतः भरणार, गाडी चालवून, कान लावून पुन्हा बदलणार. म्हणजे कडुलिंबाखालचे मिस्त्री जे करायचे तेच, लॅपटॉपवर. गाडी बुढ्ढी झाली, निशाण बदला.

म्हणून मी त्याला असं कळवलं : बसव. पण काहीही कापू नको, भोक पाडू नको, आणि जुना डिस्ट्रिब्युटर तेल लावून, कागदात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून ठेव. राजवाड्यांनीही बखरी जाळल्या नाहीत. बखर घटनेबद्दल चुकली तरी लिहिणाऱ्याच्या काळाबद्दल बरंच सांगते. त्या डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरची झीजही काहीतरी सांगत असेलच.

जुन्या गाडीवाल्यांचा आक्षेप मला मात्र अपुरा वाटतो. ते वस्तू जपतात, कारागीर कोण जपतो? मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत फोटोच फोटो आले. ॲम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली तेव्हाही लेख आले. त्या गाड्या चार-चार दशकं चालत्या ठेवणाऱ्यांची नोंद कुठल्या दप्तरात आहे? आमचे मिस्त्री गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा आता स्कॅनर जोडून गाडीचा दोष वाचतो, काम चांगलं करतो. वडिलांचा बल्ब त्याने दाखवला, तारेसकट. फोटो मात्र वडिलांचा एकच, लग्नातला.

तर नातेवाईक आणि ब्लॉगवाले मित्रहो, एक विनंती. जुने अल्बम चाळा. परभणी, मानवत, सेलू, गंगाखेड, हिंगोली, कुठलंही चालेल. गाडीसमोर उभं राहून काढलेले फोटो प्रत्येकाकडे असतात. मला बॉनेट उघडं असलेला फोटो हवाय, ज्यात आत वाकलेला माणूस दिसतो. नाव माहीत असेल तर फोटोमागे लिहून पाठवा.