एकोणीस वर्षं

तर झालं असं.. 2 नोव्हेंबर 2025चा रविवार. मी विकांताला रोह्याला घरी होतो. बायकांच्या क्रिकेट विश्वचषकाची फायनल आपल्या नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पावसाने दोन तास खाल्ले, पण आमच्याकडे कुणी जागचं हललं नाही. मध्यरात्रीच्या सुमारास भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, आणि दहा वर्षांच्या पुतणीने जाहीर केलं, "मी पण हेच करणार."

दादा अर्धवट झोपेत म्हणाला, "करिअर आहे का त्यात काही?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या डोक्यातून जाईना.

सोमवारी ऑफिसच्या कॉलवर आमच्या ऑस्लोच्या क्लायंटकडच्या बाई अभिनंदन करायला लागल्या. (क्रिकेट काय असतं ते त्यांना कळत नाही, पण बातमी वाचली होती!) म्हणाल्या, आमच्याकडे हे 1995 साली झालं, फुटबॉलमध्ये. तेव्हा मी शाळेत होते आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना हेगे रीसे व्हायचं होतं.

झालं. कॉल संपल्यावर मी गूगलबाबाला शरण.

हेगे रीसे ही नॉर्वेची मिडफिल्डर. जन्म 1969चा, देशाकडून पहिला सामना 1990 साली. 1995च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये नॉर्वेने जर्मनीला 2-0 हरवलं, त्यातला पहिला गोल हिचा. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही हीच. पुढे 2000 साली सिडनी ऑलिंपिकचं सुवर्ण. जपान आणि अमेरिकेतल्या क्लबांकडून व्यावसायिक खेळली, नंतर कोच झाली. नॉर्वेकडून एकूण 188 सामने. दादाच्या भाषेत, याला म्हणायचं करिअर.

मग आपल्याकडे त्या काळात कोण होतं, म्हणून शोधायला लागलो आणि पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींपाशी येऊन थांबलो. खरं सांगतो, मला हे नाव नीट माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

जन्म 1959चा. लेगस्पिनर, फलंदाजीही बरी. 1976 साली वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा भारतीय बायका पहिल्यांदाच कसोटी खेळल्या. बंगळूरच्या त्या पहिल्याच कसोटीत सतरा वर्षांच्या शुभांगीने एका डावात पाच बळी घेतले. पुढे देशाची कॅप्टन, 1985चा अर्जुन पुरस्कार. 1991 साली शेवटची कसोटी. एकूण 19 कसोटी, 60 बळी. भारताकडून बायकांच्या कसोटीत याहून जास्त बळी फक्त डायना एडलजींचे, 63.

आता तारखांकडे नीट बघा. आमच्या धंद्यात लॉग वाचताना नोंदींपेक्षा मधल्या गॅपकडे आधी लक्ष जातं. जानेवारी 1977 मध्ये भारतीय बायका ऑस्ट्रेलियात कसोटी खेळल्या. त्यानंतरची कसोटी कधी? जानेवारी 1984! सात वर्षं. म्हणजे शुभांगीची सतरा ते चोवीस ही वर्षं. मधे 1978 आणि 1982चे विश्वचषक झाले, पण कसोटी एकही नाही. मग 1986 साली इंग्लंडचा दौरा, आणि त्यानंतर थेट 1991. अंगात लेगस्पिन होती, पण खेळायला सामनेच नव्हते.

का नव्हते? कारण खेळ चालवणारं घर वेगळं होतं. पुरुषांचं क्रिकेट बीसीसीआय चालवायची. बायकांची संघटना 1973 साली वेगळी निघाली. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पैसे जेमतेम. मुलींनी रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यातून प्रवास करायचा, डॉर्मिटरीत झोपायचं, आणि दौरा ठरवायचा तर आधी वर्गणी गोळा करायची.

आणि नॉर्वे? तिथल्या फुटबॉल संघटनेने बायकांचं फुटबॉल आपल्यात घेतलं 1976 साली. म्हणजे शुभांगी पाच बळी घेत होती त्याच वर्षी! तिथेही ते सुखासुखी झालं नव्हतं. एलेन विले नावाच्या बाई त्यासाठी भांडत होत्या. याच बाई 1986 साली मेक्सिकोत फिफाच्या सभेत उभ्या राहिल्या आणि बायकांचाही विश्वचषक हवा म्हणाल्या. तो पहिला विश्वचषक 1991 साली झाला.

आपल्याकडे बायकांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली 2006 साली. त्या वेळी संघटनेच्या सचिव कोण होत्या? शुभांगी कुलकर्णी! जिला खेळायच्या वयात सामने मिळाले नाहीत, तिनेच पुढच्या मुलींसाठी कागदपत्रं पार पाडली. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा गच्चीवर जाऊन आलो.

आता गणित करा. नॉर्वे: 1976 ते 1995, एकोणीस वर्षं. भारत: 2006 ते 2025, एकोणीस वर्षं. योगायोग आहे, मान्य. दोन उदाहरणांवरून नियम बनवणाऱ्या ज्युनियरला मी स्वतः झापलं असतं. :) पण सुरुवातीच्या तारखांमधला तीस वर्षांचा फरक काही योगायोग नाही. तो कुणीतरी घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांचा आहे.

विलीन झाल्यावरही सगळं लगेच आलबेल झालं असं नाही. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं व्हायला 2022 उजाडलं. 2005 साली फायनलपर्यंत गेलेल्या संघाला सामन्यामागे हजार रुपये मिळाले होते, असं कॅप्टन मिताली राजनेच सांगितलंय. आणि 2023च्या डब्ल्यूपीएल लिलावात सांगलीच्या स्मृती मंधानाला 3 कोटी 40 लाख! नॉर्वेतही 2017 साली बायकांचं मानधन पुरुषांइतकं करायचं ठरलं. त्याच वर्षी त्यांची सगळ्यात मोठी खेळाडू, आडा हेगरबर्ग, व्यवस्थेवर नाराज होऊन राष्ट्रीय संघ सोडून गेली. परतली 2022 मध्ये. म्हणजे नुसत्या पैशानेही भागत नाही.

पुढच्या विकांताला रोह्याला गेलो तेव्हा दादाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, करिअर तेव्हाही होतं रे. फक्त खेळायचंही आपणच आणि ऑफिसही आपणच चालवायचं, असं होतं. आता ऑफिस तरी दुसरं कुणी चालवतंय.

दादा काही बोलला नाही. तो कमी बोलतो. पण रात्री जेवताना हळूच विचारलंन, "लहान मुलींची सीझन बॉलची बॅट केवढ्याला येते रे?"

पुतणी खालमानेने भात कालवत होती. कान मात्र इकडेच होते.